६०० च्या राईडला मीटर शेवटपर्यंत चालू ठेवायचं कसं?

निपाणीच्या एका तरुण सायकलस्वारानं विचारलंय. २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) त्यानं वेळेत पुऱ्या केल्यात, आता बेळगाव ते चित्रदुर्ग आणि परत अशी ६०० करायची आहे. त्याचा सायकल कॉम्प्युटर (आम्ही सगळे त्याला मीटरच म्हणतो, मीही तेच म्हणणार) नवा होता तेव्हा १५ तास चालायचा, आता १३ तासांत मान टाकतो. ६०० ला वेळ मिळतो ४० तासांचा. एक मित्र म्हणतो २०,००० एमएएचची पॉवर बँक घे, दुसरा म्हणतो पुढच्या चाकात वीज बनवणारा डायनॅमो हब बसव, तिसरा म्हणतो मीटरच नवं घे. “काका, यातलं नेमकं काय करू?”

बाळा, आत्ता यातलं काहीच करू नकोस. १०,००० एमएएचची एक साधी पॉवर बँक, दोन आखूड केबल, आणि कुठे थांबून किती वेळ चार्जिंग करायचं हे घरूनच ठरवून निघणं, एवढ्यावर ६०० निभावते. पण ही तीन वाक्यं सांगून तुला मोकळा केला तर रात्री दीड वाजता दावणगेऱ्याच्या बाहेर कुठेतरी काळ्या पडद्याकडे बघत उभा राहशील, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या अकरा वर्षांत लांबच्या राईडवर माझं मीटर तीनदा बंद पडलं. एकदा केबलनं घात केला, एकदा पॉवर बँक मध्येच झोपी गेली, एकदा पावसानं पोर्ट खाल्लं. तिन्ही वेळा पॉवर बँकेत निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक होता. खिशात वीज होती आणि मीटर उपाशी होतं. म्हणून कोणी नुसतं “मोठी पॉवर बँक घे” म्हटलं की मला राहवत नाही. वीज मीटरपर्यंत कोरडी आणि न तुटता कशी पोहोचेल याची काळजी घे, बाकीचं सोपं आहे.

आधी हिशेब बघ, म्हणजे भीती जाईल. बहुतेक मीटरमधली बॅटरी हजार ते दोन हजार एमएएचच्या घरातली असते. तुझ्यात १,२०० ची आहे असं धर. ३.७ व्होल्टनं गुणलं की साधारण साडेचार वॅट-तास (विजेच्या साठ्याचं माप) होतात. नवं असताना त्यावर १५ तास चालायचं, म्हणजे मीटर तासाला जेमतेम ०.३ वॅट-तास खातं. ४० तासांचे झाले १२. त्यातले चारेक त्याच्या पोटात घरूनच भरलेले असतात. उरले आठ, चार्जिंगमधली गळती धरून दहा. आता १०,००० एमएएचची पॉवर बँक घे. हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्ट करून देताना काही भाग उष्णतेत जातो. पॉवर बँकेच्या मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ६,००० ते ६,५०० असा आकडा छापलेला असतो, तो हाच. तरीही हातात ३० वॅट-तास येतात आणि मीटरला हवेत १०. ५,००० ची बँकसुद्धा मीटरपुरती पुरते.

मग लोकांना कमी का पडते? फोनमुळे. आजच्या फोनची ५,००० एमएएचची बॅटरी एकदा भरायची तर २० वॅट-तास लागतात, मीटरच्या पूर्ण ६०० ला लागतात त्याच्या दुप्पट. पडदा चालू ठेवून नकाशा बघत गेलास तर तो फोन चार-पाच तासांत पुन्हा भूक लागली म्हणून उभा. त्यातून आपल्या खानापूर तालुक्याच्या जंगलात, जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालास की नेटवर्क विरळ होत जातं आणि फोन टॉवर शोधता शोधताच बॅटरी जाळतो. अशा पट्ट्यात फोन फ्लाईट मोडवर टाकायचा. फ्लाईट मोडमध्येही जीपीएस चालतं. १०,००० ची बँक घे म्हणतोय ती फोनसाठी, मीटरसाठी नव्हे.

आता केबल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं दुखणं इथलंच असतं.

गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाट चढून परत येत होतो. मीटरला केबल लावलेली, पॉवर बँक टॉप ट्यूबवरच्या (सीट ते हँडलमधल्या आडव्या दांड्यावरच्या) बॅगेत. केबल होती घरातलीच, तीनेक फूट लांब, गुंडाळून रबर लावलेली. चढावर उभा राहून पेडल मारताना रबर सुटलं, केबलचा फास गुडघ्यात अडकला आणि झटका बसला तो थेट मीटरच्या मायक्रो-यूएसबी पोर्टला. पोर्ट आतल्या सर्किटच्या पाटीवरून सुटलं. नंतर खडे बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्यानं भिंगाखाली बसून ते परत डाग देऊन बसवलं, आजही टिकून आहे, पण त्या दिवशीचे पुढचे ७० किलोमीटर मीटरविना काढले.

तेव्हापासून माझी केबल १५ ते २० सेंटीमीटरची असते. मीटरच्या बाजूची पिन एल आकाराची, म्हणजे दांडी बाहेर न येता हँडलबारला चिकटून खाली वळते. पिनेपासून दोन बोटांवर केबलला एक सैल वळण देऊन ती स्टेमला (हँडलबार धरणाऱ्या दांडीला) बांधायची. बांधायला जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापून घे, त्याहून चांगलं काही मिळत नाही, आणि तो पंक्चरच्या दुकानात फुकट मिळतो. ओढ बसली तर ती त्या रबरावर बसली पाहिजे, पोर्टवर नाही.

धक्क्यांचाही विचार कर. खानापूर–लोंढा–रामनगर पट्ट्यात रस्ता खराब लागला की पिन पोर्टमध्ये थरथरते, जोड सेकंदाला तुटते-जुळते. प्रत्येक जुळणीला मीटर टुंग वाजवतं आणि पडदा उजळतं. असं तासभर चाललं की चार्ज वाढायच्या ऐवजी कमी झालेला दिसतो. केबल सैल झाली असेल तर ती घरच्या वापराला ठेव, राईडला नवी ने. आणि दोन ने. केबल वजनाला काहीच नाही, पण हिरेबागेवाडीच्या पुढे रात्री अकराला तुझ्या मीटरची केबल कुठल्या दुकानात मिळणार?

केबलची जात तपासायची ती घरी. काही मीटर, विशेषतः जुनी, केबल लावली की आपण संगणकाला जोडले गेलो असं समजतात आणि चालू राईड थांबवून फाइली दाखवायच्या अवस्थेत जातात. काही मीटर उलट वागतात, केबल काढली की “वीज गेली” म्हणून स्वतःच बंद व्हायला निघतात. तुझं कसं वागतं ते कुणालाही न विचारता दहा मिनिटांत कळतं. अंगणात जा, रेकॉर्डिंग सुरू कर, केबल लाव, दोन मिनिटं थांब, काढ, पुन्हा लाव. राईड चालूच राहिली तर ती केबल राईडची. थांबली तर ज्या केबलमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, माहितीच्या तारा नसतात, अशी नुसत्या चार्जिंगची केबल घे. आणखी एक: मीटरला गोल कडांचं टाईप-सी पोर्ट असेल तर दोन्ही बाजूंना टाईप-सी असलेल्या केबलवर ते चार्ज होतंच असं नाही. स्वस्त यंत्रांत त्या पोर्टमागे लागणारे दोन छोटे रेझिस्टर घातलेलेच नसतात, त्यामुळे समोरच्या चार्जरला इथे कोणी वीज मागतंय हे समजत नाही. पॉवर बँकेच्या बाजूला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरली की हा प्रश्नच येत नाही.

पॉवर बँक झोपते ती अशी. बहुतेक बँका फोन भरायला बनवलेल्या असतात. बाहेर जाणारा प्रवाह फारच कमी झाला, साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली, की बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती वीज तोडते. मीटर ९० टक्क्यांच्या वर गेलं की ते इतकाच थेंब-थेंब प्रवाह ओढतं. बँक झोपली की पुन्हा बटण दाबेपर्यंत उठत नाही. माझ्या दुसऱ्या ६०० ला मी हुशारी केली, सुरुवातीपासूनच केबल लावून ठेवली, म्हटलं मीटर सतत १०० वरच राहील. बँक बेळगावच्या वेशीवरच झोपली असणार. मला वाटत होतं चार्जिंग चालू आहे, म्हणून टक्केवारी बघितलीच नाही. धारवाड, हुबळी, हावेरी गेलं, संध्याकाळी हरिहरच्या पुलावर ‘बॅटरी लो’ची पाटी आली. केबल तशीच लटकत होती.

यातून शिकलो ते असं: मीटर २० ते ४० टक्क्यांवर आल्यावरच लावायचं आणि ८० ते ८५ ला काढायचं. त्या मधल्या टप्प्यात ते चांगला दणकून प्रवाह ओढतं, बँक जागी राहते, चार्जिंगही भरभर होतं. वरचे १५ टक्के भरायला जितका वेळ जातो तितक्यात खालचे ४० भरतात. काही बँकांना इअरफोन, घड्याळ यांच्यासाठी कमी प्रवाहाची वेगळी सोय असते, बटण दोनदा दाबलं की ती सुरू होते. तुझ्या बँकेच्या कागदावर बघ. असेल तर उत्तम, पण त्या भरवशावर टक्केवारी बघायचं सोडू नकोस. केबल लावल्यावर पाच मिनिटांनी आकडा एखाद्या टक्क्यानं तरी वर गेला का, हे बघितल्याशिवाय मी मीटरवरून नजर काढत नाही.

पाऊस हा आपल्या भागाचा खास विषय. पुणे-सोलापूरकडचे सायकलवाले सल्ला देतात तो त्यांच्या पावसापुरता बरोबर असतो. जून ते सप्टेंबर तू चोर्ल्यात, आंबोलीत, तिलारीच्या रस्त्यावर निघालास की पाणी वरून पडत नाही, चहूकडून येतं, ढगच अंगावर असतो. मीटर वॉटरप्रूफ असतं हे खरं. आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकायला हवं. पण ती खात्री पोर्टचं रबरी झाकण बंद असतानाची आहे. केबल लावली म्हणजे झाकण उघडलं. आता पोर्टमध्ये पाणी आणि त्यात ५ व्होल्ट. पाण्यातून वीज गेली की पोर्टमधल्या बारीक पट्ट्या विरघळून हिरव्या पडतात, एका रात्रीत. फोनला निदान ओल आली की तो ‘पोर्ट ओलं आहे’ म्हणून चार्जिंग नाकारतो. बहुतेक मीटरना तेवढी समज नसते.

माझी तिसरी वेळ हीच. राणेबेन्नूरच्या अलीकडे पहाटे तीनला वळवाचा पाऊस लागला, मी केबल तशीच ठेवून दोन तास चालवली. धारवाडात झाकण उघडलं तर आत हिरवट बुरशीसारखं साचलेलं. ते मीटर पुढे कधीच नीट चार्ज झालं नाही.

म्हणून पावसात चालत्या सायकलवर चार्जिंग नाही. अजिबात नाही. थांबा, आडोसा घ्या, मीटर माऊंटवरून काढा, पोर्टचं तोंड खाली करून दोनदा झटका, रुमालाचं टोक पिळ घालून आत फिरवा, फुंकर घाला, आणि मग केबल. रुमाल कोरडा कुठून आणायचा? जर्सीच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जुना सुती कपडा वेगळा ठेव, त्यानं दुसरं काही पुसायचं नाही. पॉवर बँकही पिशवीतच. मी नंदिनी दुधाची पिशवी वापरतो, अर्धा लिटरची, धुऊन वाळवून. प्लॅस्टिक जाड असतं आणि १०,००० ची चपटी बँक तिच्यात नेमकी बसते. बॅगेला वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी चेनच्या फटीतून पाणी जातंच.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि बहुतेक यंत्रं त्याच्या वर स्वतःच चार्जिंग थांबवतात. एप्रिल-मेमध्ये अथणी, गोकाक, बागलकोटच्या बाजूला दुपारी काळं मीटर उन्हात हँडलबारवर असताना आतलं तापमान हवेच्या बरंच वर जातं. लावलंय पण भरत नाही, असं झालं तर केबलला दोष देण्याआधी मीटर सावलीत ठेव. ओल्या फडक्यात गुंडाळू नकोस, सावली आणि वारा पुरे.

आता तुझ्या ६०० ची आखणी. शनिवारी सकाळी ६ ला बेळगावहून निघालास तर रविवारी रात्री १० पर्यंत वेळ आहे. काहीच केलं नाहीस तर तुझं १३ तासांचं मीटर शनिवारी संध्याकाळी ७ ला बंद पडेल, दावणगेऱ्याच्या आसपास, अंधार पडायच्या वेळेलाच.

दुपारी दीडच्या सुमारास हावेरीला जेवायला थांबशील. तेव्हा मीटर चाळिशीत असेल. हात धुवायच्या आधी केबल लावायची, ही सवय अंगवळणी पाड. आपण आधी जेवतो, पाणी भरतो, घरी फोन करतो आणि उठताना मीटर आठवतं. चाळीस मिनिटांत ते पाऊणशे-ऐंशीपर्यंत जातं. चित्रदुर्गला रात्री साडेनऊपर्यंत पोचलास तर विशीत आलेलं असेल. तिथे ब्रेव्हे कार्डावर शिक्का, जेवण आणि पुन्हा पाऊण तास चार्जिंग, साठीपर्यंत. परतीला राणेबेन्नूरला पहाटे तीनच्या आसपास पाठ टेकशील. लॉजवर दोन तास झोपलास तरी मीटर जवळजवळ पूर्ण भरतं. मग रविवारी दुपारी धारवाडात चहाबरोबर थोडंसं दिलं की बेळगावात येईपर्यंत काळजी नाही. सगळं थांब्यावर, सगळं कोरड्यात, आणि ज्या वेळी तू तसाही थांबणारच होतास त्या वेळात. चालत्या सायकलवर एक मिनिटही केबल नाही, वर सांगितलेली बांधणी फक्त अडचणीच्या वेळेसाठी.

लॉजवर भिंतीच्या चार्जरचा भरवसा ठेवताना एक गोष्ट लक्षात घे. खोलीची चावी काढली की सगळी लाईट बंद होते अशी सोय काही ठिकाणी असते, आणि पावसात तर लाईट कधीही जाते. दोन पोर्टचा चार्जर ने, पण मीटर आणि पुढचा दिवा भिंतीला लावून झोपताना गजर झोप संपायच्या अर्धा तास आधीचा लाव. उठून बघ. भरलं नसेल तर बँकेला लाव आणि पुन्हा आडवा हो. एकच सॉकेट असेल तर आधी दिवा. मीटरशिवाय ब्रेव्हे पूर्ण करता येते, दिव्याशिवाय रात्री रस्त्यावर राहायला परवानगीच नाही आणि राहूही नये. आपल्याकडे उसाच्या हंगामात संकेश्वर–निपाणी–कागल पट्ट्यात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. अशा रस्त्यावर अंधारात एका हातानं पोर्टचं भोक चाचपडत केबल लावणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. हात जोडून सांगतो, ते करू नकोस.

भूक कमी करणं हेही तुझ्याच हातात आहे. सगळ्यात जास्त खातो तो पडद्यामागचा दिवा. दिवसा तो पूर्ण बंद ठेव, मीटरचा पडदा उन्हात जास्तच स्पष्ट दिसतो. रात्री १५ सेकंदांवर ठेव. मी हेल्मेटवर एक लहान दिवा लावतो. मान खाली केली की त्याच्याच उजेडात मीटर वाचता येतं, बॅकलाईट लागतच नाही. त्यानंतर नकाशाचं पान. चित्रदुर्गचा रस्ता म्हणजे एनएच-४८, वळायचं फारसं नाही, तिथे नकाशा उघडा ठेवून काय बघणार? आकड्यांच्या पानावर राहा, वळण जवळ आलं की मीटर स्वतः सांगतं. वाट चुकल्यावर आपोआप नवा रस्ता शोधायची सोय बंदच कर. ती बॅटरी खाते आणि शिवाय ब्रेव्हेचा ठरलेला मार्ग सोडून भलत्याच रस्त्यानं नेते. नव्या मीटरमध्ये एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह पकडायची सोय असते. चोर्ल्याच्या झाडीत, कड्याखाली तिचा उपयोग होतो, हावेरीच्या मोकळ्या माळावर नाही. फोनशी ब्लूटूथ जोडणी गरज नसेल तर तोड. घरच्यांना काळजी असते हे मला कळतं, माझ्या घरीही आहे. पण सतत लोकेशन पाठवण्यापेक्षा प्रत्येक कंट्रोलवरून (शिक्का घ्यायच्या थांब्यावरून) एक फोन केला तर आईला आवाजही ऐकू येतो. हृदयाचे ठोके, वेग, कॅडन्सचे (पेडल किती भरभर फिरतं ते मोजणारे) सेन्सर फारसं खात नाहीत, ते राहू देत.

हे सगळं केल्यावर तुझं १३ तासांचं मीटर बहुधा १५-१६ ला जाईल. किती ते मोजून बघ. संध्याकाळी पूर्ण भरून, राईड सुरू करून गच्चीवर ठेव आणि सकाळी किती उरलं ते बघ. कंपनीचे आकडे, म्हणजे वाहूच्या जुन्या बोल्टला १५ तास, गार्मिन एज ५३० ला २०, हे चांगल्या परिस्थितीतले आणि नव्या बॅटरीचे असतात. लिथियमची बॅटरी पाचेकशे वेळा भरून रिकामी झाली की साधारण पाचवा हिस्सा गमावते. तुझी १५ ची १३ झाली हे अगदी नियमानं झालंय, त्यासाठी नवं मीटर घ्यायचं कारण मला दिसत नाही.

डायनॅमोबद्दल मित्राचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त तुझ्यासाठी घाईचं आहे. आमच्या वडिलांच्या सायकलींना मागच्या टायरला घासणारी बाटलीसारखी डायनॅमो असायची. रात्री शेतावरून परतताना तिचा घूंऽऽ आवाज लांबून यायचा आणि चढ लागला की दिवा मिणमिणायचा. आजचा डायनॅमो हब तोच ६ व्होल्ट, ३ वॅटचा संसार आहे, फक्त पुढच्या चाकाच्या मध्यात बसवलेला, आवाज नाही, घासणं नाही. ताशी १५-२० च्या वेगाला तो तीनेक वॅट देतो, म्हणजे मीटरच्या दसपट. पण ती वीज एसी असते. तिला ५ व्होल्ट डीसी करणारा एक डबा मध्ये लागतो. आणि चढावर त्याचा स्वभाव वडिलांच्या डायनॅमोसारखाच. घाटात ताशी ७-८ वर आलास की यूएसबीला पुरेशी वीज येत नाही, तुटक तुटक येते. मीटर थेट त्याला जोडलं असेल तर प्रत्येक तुटण्याला टुंग, पडदा उजळ, पुन्हा टुंग. म्हणून डायनॅमोवाले मध्ये पॉवर बँक ठेवतात: डायनॅमो बँकेला भरतो, बँक मीटरला. यासाठी बँक एकाच वेळी घेणारी आणि देणारी हवी. कित्येक बँका आत वीज येऊ लागली की बाहेरची बंद करतात. शिवाय रात्री दिवा आणि चार्जिंग दोन्ही त्या तीन वॅटमध्ये बसवायचं असतं, तेव्हा दिव्याचा मान पहिला. चांगला हब मागवावा लागतो, चाक नव्यानं विणावं लागतं. १,२०० किलोमीटर ९० तासांत करायचे असतील, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारखं काही डोक्यात असेल, किंवा आठवडाभर एकट्यानं फिरायचं असेल तर तो खर्च सार्थकी लागतो. ६०० साठी नाही.

बॅगेवर टाकायच्या सौर पट्ट्यांवर पैसे घालू नकोस. सायकल वळते, सावली पडते, पट्टीचा कोन सूर्याकडे राहत नाही. आणि कधी सांबऱ्याहून विमानानं सायकल घेऊन निघालास तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकायला बंदी आहे. १०० वॅट-तासांच्या आतली चालते, तुझी ३७ ची आहे.

एवढं करूनही मीटर गेलं तर? राईडचा मार्ग फोनमध्ये ऑफलाईन नकाशासह घालून ठेव, फ्लाईट मोडवर तो बराच काळ तग धरतो. त्याशिवाय एक कागद: गावाचं नाव, अंतर, डावं की उजवं. हा कागद मी आजही प्रत्येक राईडला नेतो, तोही दुधाच्या पिशवीत. माझे एक जुने साथी अजून गार्मिनचं ईट्रेक्स वापरतात. त्यात दोन डबल-ए सेल लागतात, कंपनी २५ तास सांगते, आणि ते सेल आपल्याकडे किराणा दुकानात, पानपट्टीवरही मिळतात. पडदा लहान, नकाशा ओबडधोबड, पण त्यांना चार्जिंगचा प्रश्न मी कधी पडलेला बघितला नाही. मीटर अचानक बंद झालं तर आधीची राईड बहुतेक वेळा साठवलेली असते, पुन्हा सुरू झाल्यावर घाईनं काही पुसू नकोस. आणि ब्रेव्हेचा पुरावा मुळात कार्डावरचे शिक्के, पावत्या हा आहे, नुसत्या मीटरमधल्या रेघेवर विसंबू नकोस. एटीएमची चिठ्ठी (कुठे, किती वाजता होतास याचा पुरावा) जपून ठेव, ती उन्हात पांढरी पडते, तिचा फोटो काढून ठेव.

परत आल्यावर सायकल धुताना मीटर आधी काढून घे. पोर्टचं झाकण उघडून रात्रभर पंख्याखाली ठेव, पूर्ण कोरडं झालं की मगच चार्जिंगला लाव. पट्ट्यांवर पांढरं-हिरवं काही दिसलं तर मऊ टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून हलकं घास, ते मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. पावसाळ्यात महिनाभर मोठी राईड नसेल तर मीटर आणि बँक दोन्ही अर्धी भरलेली ठेव. पूर्ण रिकामी ठेवलेली बँक मी एका दिवाळीत अशीच गमावली आहे. राईडच्या आधी एका रविवारी जांबोटी–कणकुंबीपर्यंत जाऊन ये, येऊन-जाऊन नव्वदेक किलोमीटर होतील. केबल, पिशवी, रबर सगळं जसं ६०० ला नेणार आहेस तसंच लावून जा, आणि कणकुंबीला चहा घेताना एकदा सगळं काढून पुन्हा लावून बघ.